पुढच्या दाराचा पायगुण

आमच्या भिकूकाकाने अर्धी पृथ्वी पालथी घातली, पण स्वतःच्या घरात तो मागच्या दाराने यायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला राग येणार आहे आणि रागात मी मुद्द्याचंच विसरते.

काकाचे पाय पांढरे होते. रंगाने नव्हेत. रंगाने काका टाळूपासून टाचेपर्यंत काळा कुळकुळीत, आणि उंच इतका की आमच्या घरातल्या प्रत्येक वाशाला त्याच्या कपाळाची ओळख होती. पांढऱ्या पायाचा म्हणजे अपशकुनी. तो जन्मला त्या दिवशी आजोबांच्या होडीची डोलकाठी मोडली. काठीला आतून कीड लागली होती हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं, पण किडीला कोण बोलणार? पुढे सातव्या वर्षी हा किनाऱ्यावर उभा असताना शेजारच्या होडीच्या दोरावर याचा पाय पडला आणि त्या दिवशी त्यांचं जाळं खडकात अडकून फाटलं. त्या घरात तेव्हा ठमाबाई नवी नवरी होती. तिने अंगणात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की या पोराचे पाय पांढरे आहेत. झालं. तेव्हापासून कोणाची म्हैस आटली तर भिकू तिथून गेला असणार, आणि गेला नसेल तर जाणार असेल.

रेवसच्या धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर आमचा कोळीवाडा. आमच्या घराचं पुढचं दार थेट किनाऱ्यावर उघडतं. दारात उभं राहिलं की समोर सगळ्या होड्या. म्हणून आजीने नियम केला की भिकूने जायचं-यायचं ते मागच्या दाराने, आणि सकाळी होड्या पाण्यात जाईपर्यंत बाहेर तोंड काढायचं नाही. सख्ख्या आईने केला हा नियम. मला हे कळलं तेव्हा आजी वारलेली होती, नाहीतर मी तिला सोडली नसती.

काका मात्र चिडला नाही. त्याला चिडताच यायचं नाही, हेच त्याचं व्यंग. सकाळी गाव धावपळ करायचं तेव्हा तो परसात पालथ्या पाटीवर चहा घेऊन बसायचा. नुसता बसायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, बघतो. माडाच्या झावळीची सावली विहिरीच्या काठाला टेकली की चहा संपवायचा, आणि ती धुण्याच्या दगडावर आली की उठायचा. तोवर चहा थंडगार झालेला असायचा, पण तो तसाच चवीने प्यायचा. मी एकदा त्याच्या शेजारी बसून पाहिलं. सावली हलायला इतका वेळ लावते की माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि मी भांडी घासायला निघून गेले.

विसाव्या वर्षी काका मुंबईला गेला आणि आगबोटीवर खलाशी म्हणून लागला. अठ्ठावीस वर्षं दर्यावर काढली. दोन-तीन वर्षांनी महिनाभर घरी यायचा, मागच्या दाराने. लढाईच्या काळात त्याची आगबोट बुडाली. बातमी आली तेव्हा ठमाबाई म्हणाली, बघा, एवढी लोखंडाची बोट, तीसुद्धा टिकली नाही याच्या पायापुढे. पण बोटीवरची साठच्या साठ माणसं वाचली होती. मग बोट बुडाली हा पायगुण धरायचा की माणसं वाचली हा, ते मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही.

अठ्ठावन सालच्या दिवाळीत काका कायमचा घरी आला. एक पत्र्याची ट्रंक, एक जाडजूड काळा कोट, आणि डोकंभर गोष्टी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सातवी पास, घरात लिहिणारी-वाचणारी मी एकटी. संध्याकाळी परसात बायका जमायच्या, तोंडाने नको नको म्हणत, आणि काकाच्या गोष्टी ऐकायच्या. ठमाबाई आमच्यात बसायची नाही. ती कुंपणापलीकडे सुकट निवडत बसायची आणि तिकडूनच नाक मुरडायची.

डिसेंबर लागला तसा काका वर्ष संपण्याच्या गोष्टींवर आला. बोटीवर नाना देशांची माणसं, ज्याचं त्याचं वर्ष वेगळ्या दिवशी संपायचं, पण एकतीस डिसेंबरला गोडाधोडाचं जेवण सगळ्यांना मिळायचं. त्यामुळे ते वर्ष सगळ्यांना पटायचं. काका सांगायचा की स्पेनच्या बंदरात लोक घड्याळाचे बारा ठोके पडताना बारा द्राक्षं खातात, एका ठोक्याला एक. काकाने पहिल्या वर्षी बाराही तोंडात कोंबली होती आणि नव्या सालातला पहिला सबंध तास तो खोकत होता. डेन्मार्कात म्हणे शेजाऱ्याच्या दारावर ताटं-बश्या आपटून फोडतात, ज्याच्या दारात जास्त खापऱ्या तो जास्त लाडका. यावर कुंपणापलीकडून आवाज आला की माझ्या दारात कोणी बशी फोडून दाखवावी.

जपानात लोक वर्ष संपायच्या आत सगळं घर धुऊन काढतात आणि मग देवळाची घंटा ऐकत बसतात. एकशे आठ ठोके. माणसाच्या मनात एकशे आठ खोडी असतात, एका ठोक्याला एक खोड जाते. काकाने ते सगळे ठोके बोटीच्या कठड्याला टेकून, एकही न चुकवता ऐकले होते. ठमाबाईने विचारलं, मग गेल्या का तुझ्या खोडी? काका म्हणाला, एकशे सात गेल्या, एक राहिली. कोणती ते त्याने सांगितलं नाही. मला माहीत होती. त्यानेच मला एकदा सांगितलं होतं की नलू, सगळ्या जगाची दारं बघितली, पण आपल्या पुढच्या दारातून एकदा आत यावं असं अजून वाटतं बघ. एवढंच होतं त्याचं मागणं. पन्नाशीला आलेला माणूस, आणि त्याला घरात यायचं होतं.

त्याची सगळ्यांत लाडकी गोष्ट ग्लासगोची. देश स्वतंत्र झाला त्या सालची एकतीस डिसेंबरची रात्र. थंडी अशी की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागे. काका आणि त्याचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, गल्लीतून चालले होते, तेवढ्यात एका घरातून एक गोरी बाई धावत आली आणि काकाच्या कोटाची बाही धरली. काकाला वाटलं, ऑगस्टमध्ये आपण यांचं राज्य घालवलं, त्याचा हिशेब ही आता माझ्याकडून चुकता करणार. तिचं नाव रँकिनबाई. तिने काकाच्या एका हातात दगडी कोळशाचा तुकडा दिला, दुसऱ्या हातात पाव दिला, त्याला उंबऱ्याबाहेर उभा केला आणि दार लावून घेतलं. काका म्हणायचा, दार लावून घेतलं तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं.

सारंगाला इंग्रजी येत होतं, त्याने उलगडा केला. त्या मुलखात नवं साल लागलं की पहिलं पाऊल घरात कोणाचं पडतं याला फार मान. ते उंच आणि काळ्या पुरुषाचं हवं, आणि त्याने चुलीसाठी कोळसा नि पोटासाठी पाव घेऊन यावं. तसा माणूस आला की वर्ष बरकतीचं जातं. आणि गोऱ्यांच्या गल्लीत काळा म्हणजे केस काळे, इतकंच. डोक्यापासून पायापर्यंत अख्खा काळा माणूस त्यांना आजवर मिळाला नव्हता.

काका खरा माणूस. बाराच्या ठोक्याला दार उघडलं तसं त्याने सारंगाकरवी बाईला कळवलं की बाई, तुमची फसगत होते आहे, आमच्या गावात माझे पाय वाईट समजतात. बाईने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या गावाला म्हणावं, ते पाय आम्हाला द्या. आणि त्याला आत घेऊन शेगडीपुढे बसवला. हे ऐकून गल्लीतले बाकीचेही आले. त्या रात्री काकाने अकरा घरांचे उंबरे ओलांडले. प्रत्येक घरात केक आणि प्रत्येक घरात दारूचा एक पेला, नाही म्हटलं तर अपशकुन. अकराव्या घरात पायगुण आडवाच आत गेला.

गोष्ट संपली की बायका हसून लोळायच्या. आणि उठून घरी जाताना काकाच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून लांबून जायच्या. मला इथे राग येतो.

कार्तिकापासून त्या वर्षी मासळी रोडावली होती. होड्या अर्ध्या पाट्या घेऊन परत यायच्या. मुरुडकडेही तीच रड होती, पण मुरुडला काही आमचा काका गेला नव्हता, हे कोणी लक्षात घेतलं नाही. काका दिवाळीला आला आणि मासळी दिवाळीपासून गेली, एवढं गणित सगळ्यांना जमलं. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नवं जाळं फाटलं. काकाने त्या जाळ्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. उलट ते फाटल्यावर शिवायला तोच बसला.

चार जाणत्यांनी आबांना बोलावून घेतलं. आबा परत आले ते मान खाली घालून. माझे आबा भागोजी, दर्यात वादळाला न घाबरणारा माणूस, पण चार माणसांपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. परसात काका जाळं शिवत बसला होता. आबांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं की शिमग्यापर्यंत मुंबईला राहा, मग बघू. काकाने सुई थांबवली नाही. एवढा दोर संपला की जातो म्हणाला. दोर एकतीस तारखेला संपणार होता. एक तारखेच्या सकाळच्या लाँचने त्याने रेवसहून भाऊच्या धक्क्याला जायचं ठरलं.

मी आबांशी भांडले. आईशी भांडले. माझी आई वेणूबाई म्हणजे तोंडाचा पट्टा सुरू झाला की बंदरावरचे कावळे उडायचे, पण या एका बाबतीत लग्न होऊन आल्यापासून ती अठ्ठावीस वर्षं गप्प होती. तिला काकाची दया यायची आणि त्याच्या पायांची भीतीही वाटायची. तिची दोन मुलं माझ्याआधी गेली होती. दोन्ही वेळी काका घरी होता.

एकतीस तारखेला काकाने जपान्यांसारखं सगळं परस धुऊन काढलं. विहिरीचा काठ घासला, जाळी ठेवायची खोप झाडली, माझ्या भांड्यांनासुद्धा राख लावून ठेवली. दुपारी सदू पोस्टमन आला आणि मागच्या दाराशी उभा राहिला. सदू इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे गावात परदेशी पत्र आलं की वाचून दाखवण्याचा मान त्याचा. रँकिनबाईचं कार्ड होतं. ती दर साली लिहायची, यंदा काकाने तिला घरचा पत्ता कळवला होता. कार्डावर बर्फात बुडालेलं घर. सदूने एकेक शब्द घास चावावा तसा चावून अर्थ लावला. बाईने लिहिलं होतं की तुम्ही आलात त्या वर्षी माझा लेक परदेशातून सुखरूप परत आला, छप्पर गळायचं थांबलं. यंदा मात्र चुकून पहिलं पाऊल एका लाल केसांच्या माणसाचं पडलं आणि वर्षभर धुराडं धुमसत राहिलं. आमच्याकडे लाल केसांचं पाऊल फार वाईट. तुमची बोट इकडे आली तर जरूर या.

आई दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. सदू गेल्यावर ती म्हणाली, “भावोजी, तिकडंपण पांढऱ्या पायाची माणसं असतात?”

“असतात की, वहिनी,” काका म्हणाला. “लाल केसांची.”

“मग त्या माणसाला कोण घरात घेतं?”

काकाने कार्ड उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला की आमच्या बोटीवर इंजिनात एक होता तसा, केस पेटल्यासारखे लाल. त्याच्या आईने त्याला एक तारखेला घराबाहेर ठेवायचं, दुसरा कोणी आत येऊन जाईपर्यंत. एकदा बर्फात तीन तास उभा होता. तो मला म्हणायचा, भिकू, तुझ्या गावात माझे पाय चालतील काय? मी म्हटलं चालतील, आमच्याकडे लाल केसांचं कोणाला काय माहीत. मग आम्ही ठरवलं होतं की म्हातारपणी गावं बदलून घ्यायची.

काका हसला. आई हसली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तेच तांदूळ तिने दोनदा निवडले.

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. आमच्याकडे त्या दिवशी लक्ष्मीचा घट, आईचा उपास, आणि दारापासून घटापर्यंत तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं. आई पहाटे उठली, पावलं काढली. मग तिने मागच्या दाराला कडी घातली आणि कडीवर भरवसा नव्हता म्हणून पाटा उभा करून टेकवला. मला म्हणाली, हात लावलास तर बघ.

काका जाळ्यांच्या खोपीत झोपायचा. कोट घालून, ट्रंक घेऊन तो निरोपाला आला आणि दार ढकललं. दार हलेना. त्याने कडी वाजवली. आईने आतून सांगितलं की आज हे दार बंद आहे, पुढून या. काका म्हणाला, वहिनी, होड्या अजून बंदरात आहेत. आई म्हणाली, दिसतात मला, डोळे आहेत.

आबा पुढच्या अंगणात वल्ही काढत होते. ते ताडकन उठले. समोर किनाऱ्यावर पंचवीस माणसं आपापल्या होडीला हात लावून उभी, आणि घराच्या कोपऱ्यावरून काळा कोट घातलेला भिकू येतो आहे. ठमाबाईने पदर तोंडाला लावला. आबा आईला म्हणाले, तुला वेड लागलं काय, लोक काय म्हणतील. आई उंबऱ्याच्या आत उभी होती. ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्या बंदराला ऐकू गेलं.

“घर माझं हाय, घट माझा हाय, उपास माझा हाय. माझी दोन लेकरं तापानं गेली. भावोजींच्या पायानं न्हाय गेली. हे मला इतक्या वर्षांनी कळलं, त्याची लाज माझी. या भावोजी.”

काका उंबऱ्यापाशी आला. चपला काढल्या. पाय उचलला आणि तसाच थांबला. मला वाटलं, घाबरला. तर हा पाय मागे घेऊन आईला म्हणाला, वहिनी, कोळसा? नियम म्हणजे नियम, रिकाम्या हाताने पहिलं पाऊल टाकायचं नसतं. मी धावत जाऊन चुलीतला कोळसा आणला आणि पाव नव्हता म्हणून तांदळाची भाकरी आणली. एका हातात कोळसा, एका हातात भाकरी, असा तो आत आला. सवयीने मान वाकवली ती पुरली नाही आणि चौकटीवर कपाळ आपटलं. मागच्या दाराची उंची त्याला पाठ होती, या दाराची नव्हती. खाली लक्ष्मीची इवलीशी पावलं आणि त्यांच्या शेजारून काकाची हातभर पावलं घटापर्यंत गेली. तिथे बसून तो रडला. आम्ही सगळेच रडलो. आबा बाहेर वल्ह्याला धरून उभे होते, ते काय करत होते ते मी बघितलं नाही.

लाँच चुकली, ट्रंक घरात आली.

त्या दिवशी मासळी किती मिळाली म्हणाल, तर रोजच्याइतकीच. अर्ध्या पाट्या. संध्याकाळी ठमाबाई कमरेवर हात ठेवून कुंपणाशी आली आणि विचारलं, काय गो वेणू, कुठं हाय पायगुण? आईने घटावरचं फूल नीट केलं आणि म्हणाली की त्या गोऱ्या बाईने वर्षभर वाट बघितली, तुम्हाला दिवस मावळेपर्यंत धीर निघत नाही? वर्ष होऊ दे, मग बोल. ठमाबाई कमरेवरचे हात काढून सुकट निवडायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आपलं मोठं जाळं मागच्या दारावर आडवं पसरून खिळ्यांना अडकवलं. म्हणाले, वाळवायला जागा न्हाय. अंगण मोकळं होतं, कुंपण मोकळं होतं. ते जाळं निघालं नाही.

वर्ष सरलं. मासळी कधी आली, कधी गेली, जशी दर साली येते-जाते. आई चांगल्या दिवशी काकाचा पायगुण म्हणायची आणि वाईट दिवशी लाल केसांचा कोणीतरी गावात शिरला असणार म्हणायची. डिसेंबरात ठमाबाईच्या सुनेचे दिवस भरत आले. आधीचं एक गेलेलं होतं. एकतीस तारखेला अंधार पडता पडता ठमाबाई कोणाला दिसू नये म्हणून आमच्या परसात आली आणि मागच्या दारावरचं जाळं घाईत विसरली. चाचपडली, हाक मारली, आईने ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी तिला सगळ्या बंदरासमोरून, पुढच्या दाराने यावं लागलं. उद्या सकाळी भिकूला आमच्याकडे पाठवशील काय, एवढंच म्हणाली. काका म्हणाला, येतो की, पाव मात्र ताजा ठेव.

दुसऱ्या सकाळी तो तिचा उंबरा ओलांडून आला, चहा घेऊन परसात पालथ्या पाटीवर बसला आणि मला म्हणाला, नलू, कार्ड घे, रँकिनबाईला लिहायचं. तू मराठीत लिही, सदू इंग्रजी करील. मी लिहू लागले. बाईंना नमस्कार, तब्येत बरी हाय. मग तो झावळीची सावली बघत बराच वेळ थांबला. सावली विहिरीच्या काठाला टेकली तेव्हा म्हणाला, लिही.

“बाई, तुमच्या गावात अकरा दारं मिळाली. हितं दोनच. पण त्यातलं एक माझ्या घराचं हाय.”